२६ जून, १ जून आणि एकाच तारखेवरची गर्दी

२६ जूनला कोल्हापुरातल्या कुठल्याही शाळेच्या परिपाठात दिनविशेष ऐका. पहिलं नाव ठरलेलं: राजर्षी शाहू महाराज, जन्म २६ जून १८७४. दुसरं बालगंधर्वांचं, २६ जून १८८८. या दोघांना जोडणारी तारीख एवढीच गोष्ट नाही. कोवळ्या वयातल्या नारायण राजहंसाच्या, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांच्या, कानावर मिरजेत उपचार करवण्यापासून किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा प्रवेश होईपर्यंत शाहू महाराजांनी त्याच्यासाठी शब्द टाकलेला होता. त्यामुळे गुरुजींनी दोन्ही नावं एका दमात वाचली की पोरांना वाटतं, यात काहीतरी योग असणार.

यादी पुढे वाचली तर हा संशय बळावतोच. शीततेची खालची हद्द, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, जिथून मोजली जाते त्या मोजपट्टीला ज्याचं नाव आहे तो लॉर्ड केल्व्हिन २६ जून १८२४ चा. धूमकेतू शोधताना वाटेत येणारे अंधूक ठिपके पुन्हा फसवू नयेत म्हणून त्यांची यादी करणारा शार्ल मेसिए २६ जून १७३० चा. आज आकाशनिरीक्षणाच्या शिबिरात ज्यांना आपण एम ३१, एम ४२ म्हणतो, ती ही यादी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या २६ जून १९४५ ला. मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा जाहीर झाला २६ जून २००० ला. आणि अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड जगात पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला तो दिवस २६ जून १९७४. म्हणजे शाहू महाराजांच्या जन्माला बरोबर शंभर वर्षं पूर्ण झाली तो दिवस!

आता यात काही अर्थ आहे का, हे तपासायची एक सोय कोल्हापूरकरांकडे आयतीच आहे. शाहू महाराजांची जयंती पूर्वी २६ जुलैला मानली जायची. जुन्या पुस्तकांत तीच तारीख आहे. पुढे संशोधनातून २६ जून नक्की झाली. समजा, जुनीच तारीख चालू राहिली असती. मग दिनविशेष ओस पडला असता काय? २६ जुलै हा कारगिल विजय दिवस. २००५ साली याच तारखेला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. जॉर्ज बर्नार्ड शॉ १८५६ चा आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग १८७५ चा, दोघेही २६ जुलैचेच. खुद्द शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या तो हुकूमसुद्धा २६ जुलै १९०२ चा. महिना बदलला तरी गर्दी तेवढीच! म्हणजे योग तारखेत नाही, यादी करणाऱ्याच्या हातात आहे.

हिशोब सोपा आहे. इतिहासातल्या दहा हजार नोंदी घेतल्या आणि ३६५ दिवसांवर वाटल्या, तर दर दिवसाच्या वाट्याला सरासरी २७ येतात. २७ नोंदींमधून दोन-दोनच्या ३५१ जोड्या होतात. त्यातल्या एखाद्या जोडीत पन्नास, पंचाहत्तर, शंभर किंवा दीडशे असं गोल आकड्याचं अंतर निघणारच, आणि नेमकी तीच आपण वर काढून दाखवतो. बाकीच्या जोड्यांत ४३ आणि ११७ वर्षांची अंतरं असतात. त्यांचा सत्कार कुणी करत नाही.

जोड्या मोजायची ही गोष्ट नीट कळायला शाहू स्टेडियमवर जाऊ. पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांचा सामना आहे, गॅलरी गच्च आहे. मैदानात अकरा अधिक अकरा खेळाडू आणि एक पंच, असे २३ जण. यांच्यात कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? शेजारच्या प्रेक्षकाला विचारलं तर तो पाच टक्के म्हणेल, फार तर दहा. गणित म्हणतं, ५०.७ टक्के. नाणेफेकीपेक्षा किंचित जास्तच.

विश्वास बसत नाही, कारण आपण माणसं मोजतो आणि मोजायच्या असतात जोड्या. पहिल्या खेळाडूची तुलना करायला कुणी नाही. दुसऱ्याची एकाशी, तिसऱ्याची दोघांशी, असं करत तेविसाव्याची बावीस जणांशी. बेरीज केली तर २५३ तुलना होतात. प्रत्येक तुलनेत तारीख जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये एक, पण अशा २५३ संधी म्हटल्यावर गोष्ट बदलते. काटेकोर उत्तर हवं असेल तर उलटीकडून जा: दुसऱ्याची तारीख पहिल्यापेक्षा वेगळी असण्याची शक्यता ३६५ पैकी ३६४, तिसऱ्याची दोघांपेक्षाही वेगळी असण्याची ३६३, आणि शेवटच्याची ३४३. हे सगळे अपूर्णांक गुणले की कुणाचीच तारीख न जुळण्याची शक्यता येते ४९.३ टक्के. उरलेली जुळण्याची. ३० जण असतील तर आकडा ७० टक्क्यांवर जातो, ५० जण असतील तर ९७ वर. साठ पोरांच्या वर्गात एकही जोडी न सापडणं ही खरी बातमी.

हे कागदावरचंच आहे असंही नाही. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात २३ खेळाडू. गणिताप्रमाणे साधारण १६ संघांत वाढदिवसाची जोडी सापडायला हवी होती. सापडली १६ संघांत. इतकं तंतोतंत यावं हा पुन्हा योगायोगच. १३ किंवा १९ आले असते तरी गणिताला बाध आला नसता.

मात्र प्रश्न थोडा फिरवला की उत्तर पार बदलतं. ‘कुणा दोघांचा’ ऐवजी ‘माझ्या वाढदिवसाला जुळणारा कुणी’ असं विचारलं तर तुलना फक्त माझ्याशी होते. निम्मी शक्यता गाठायला मग २३ माणसं पुरत नाहीत, २५३ लागतात. योगायोगाच्या बहुतेक गोष्टींत हीच अदलाबदल झालेली असते. घडलेलं असतं ‘कुणाचं तरी कुणाशी तरी जुळलं’ आणि सांगणारा सांगतो ‘माझंच जुळलं’ अशा थाटात. तसं पाहिलं तर २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. म्हणजे दर तारखेला सरासरी दीड हजार कोल्हापूरकर वाढदिवसाचे मानकरी. चौकातले डिजिटल फलक पाहता हा आकडा कमीच वाटतो, ही गोष्ट वेगळी.

वरच्या हिशोबात एक गृहीत आहे: सगळ्या तारखा सारख्या. आपल्याकडे त्या सारख्या नाहीत, आणि याचा पुरावा प्रत्येक जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. १९५०-६० च्या दशकातलं एखादं रजिस्टर उघडा आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या: १ जून, १ जून, मध्येच एखादी ४ मार्च, परत १ जून. जन्म घरी झालेला, गावदफ्तरी नोंद नाही, आईला आठवतंय ते ‘दिवाळीच्या मागंपुढं’ किंवा ‘मोठा पूर आला त्या साली’. शाळा जूनमध्ये सुरू होणार आणि पोराचं वय बसायला हवं. गुरुजी पोराकडे एकवार बघायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. ती तारीख मग दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि आधार कार्डावर कायमची बसली.

याचा एक परिणाम सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी दिसतो. कर्मचारी एरवी ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्याच्या अखेरीस निवृत्त होतात, पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून १ जूनवाल्यांचे निरोप समारंभ सगळे ३१ मेला, एकाच दुपारी. संख्याशास्त्राच्या अंगानं या खोट्या वाढदिवसांची मौज अशी, की तारखांचं वाटप जितकं असमान तितकी जोडी जुळण्याची शक्यता जास्त. सगळ्या तारखा सारख्या असतात तेव्हाच योगायोग सर्वांत दुर्मीळ असतो. प्रत्यक्षात त्या कधीच सारख्या नसतात, त्यामुळे २३ हा आकडा कमाल मर्यादेसारखा आहे. साठीच्या पुढच्या लोकांची बैठक भरवली तर कदाचित दहा-बारा जणांतच काम होईल.

दुसरी एक अडचण दिनविशेष वाचताना सहसा लक्षात येत नाही. तारीख तीच असली तरी दिवस तोच असेल असं नाही. गॅलिलिओ १६४२ मध्ये वारला आणि त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य विज्ञानाच्या भाषणांत हमखास येतं. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, ग्रेगोरियन म्हणजे आजच्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण इंग्लंडमध्ये चालणाऱ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. गॅलिलिओचंच कॅलेंडर लावलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मला. सालही गेलं आणि नाताळही.

हाच घोळ आपल्या अगदी घरात आहे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३० दिली जाते. ही तारीख ज्युलियन आहे. आजच्या कॅलेंडरनं तोच दिवस १ मार्च १६३० येतो. हे पडताळायला चंद्र पुरतो. वद्य तृतीया म्हणजे पौर्णिमा नुकतीच उलटलेली. चंद्राच्या २९.५३ दिवसांच्या फेऱ्या आजपासून मागे मोजत गेलं, तर १ मार्च १६३० ला पौर्णिमा होऊन साधारण अडीच दिवस झालेले दिसतात. आजच्या कॅलेंडरची १९ फेब्रुवारी धरली तर चंद्र त्या दिवशी अर्धाच होता, शुद्ध अष्टमीच्या आसपास. तिथी आणि तारीख यांवरून आपण भांडतो तेव्हा तारखेतही दोन प्रकार आहेत, हे बहुधा कुणाच्या डोक्यात नसतं. कोल्हापूरच्या पेठांतली पारंपरिक शिवजयंती तर वैशाखात असते, म्हणजे वादाला तिसरं टोकही आहे.

आणि चारशे वर्षं मागे जायचीही गरज नाही. माणूस चंद्रावर उतरला तो दिवस म्हणून २० जुलै १९६९ छापतात. यान टेकलं तेव्हा आपल्या घड्याळात २१ जुलैच्या मध्यरात्रीनंतरचे पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगनं पाय ठेवला तेव्हा सकाळचे साडेआठ होत आले होते. कोल्हापूरच्या परिपाठात ही नोंद २१ जुलैला वाचली तर ती चूक म्हणता येणार नाही.

मग तारीख जुळण्याला कधीच अर्थ नसतो का? असतो. जिथे तारखेमागे सूर्य उभा असतो तिथे असतो, आणि त्याचं उदाहरण अंबाबाईच्या देवळात आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावर येतात, गाभाऱ्यात पोचतात आणि मूर्तीच्या चरणांवरून वर सरकू लागतात. समोरच्या इमारती आणि क्षितिजावरचे ढग यांनी वाट दिली तर चेहऱ्यापर्यंत जातात.

नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी ही जोडी कुणी आवडीनं निवडलेली नाही. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेला सर्वांत लांब असतो. १० नोव्हेंबर हा त्याच्या सुमारे ४१-४२ दिवस आधी, आणि १ फेब्रुवारी तेवढाच नंतर. जाताना आणि परतताना सूर्य एकाच जागेवरून जातो, विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला. त्या दोन्ही वेळी कोल्हापुरातून पाहिलं तर तो ऐन पश्चिमेच्या साधारण १८ अंश डावीकडे मावळतो, आणि देवळाच्या दारांची रांग नेमकी ती दिशा पकडते. मावळतीची जागा या दिवसांत रोज सुमारे ०.३ अंशानं सरकते. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे दोन दिवसांत ते आपल्या रुंदीएवढं हलतं आणि उत्सव काही दिवसांतच आटोपतो.

असा उत्सव तिथीवर ठेवता येत नाही, हेही यातूनच कळतं. २०२५ मध्ये ३१ जानेवारीला माघ शुद्ध द्वितीया होती. २०२६ मध्ये त्याच तारखेला पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आलेली. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ १९ वर्षांनी पुन्हा बसतो, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी, ६९४० दिवसांना थोडी कमी, आहे. आपला तिथीनं आणि तारखेनं येणारा वाढदिवस १९, ३८, ५७ या वयांना एकाच दिवशी, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकानं येतो तो याचमुळे. घरातलं जुनं पंचांग काढून बघता येईल.

कॅलेंडर सूर्याला किती घट्ट बांधलंय यावरही सगळं अवलंबून आहे. ज्युलियन कॅलेंडर दर १२८ वर्षांनी सूर्यापासून एक दिवस सुटत जातं आणि आज ते १३ दिवस मागे आहे. तेच चालू राहिलं असतं तर माघारी येणाऱ्या सूर्याचा किरणोत्सव आपण आता १८, १९ आणि २० जानेवारीला पाहिला असता.