चाप हलका केला म्हणजे मार्कर वेगवान होतो का?

पेंटबॉल मार्करचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीचा, चाप जितका हलका आणि त्याची हालचाल जितकी कमी, तितका मार्कर वेगाने गोळ्या झाडतो, हा समज फार जुना आहे आणि तो अर्धाच खरा आहे. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये चाप केवळ एक स्विच किंवा सेन्सर चालवतो. पुढची गोळी केव्हा सुटेल हे सर्किट बोर्डाने ठरवलेली कमाल मर्यादा, बोल्टच्या (गोळी नळीत ढकलणाऱ्या भागाच्या) एका आवर्तनाला लागणारा वेळ आणि लोडर (वर बसवलेला गोळ्यांचा डबा) किती लवकर गोळी पुरवतो यांवर अवलंबून असते. हलक्या चापाने बोटाचे श्रम वाचतात आणि चाप लवकर लवकर ओढता येतो, पण या मर्यादा ओलांडता येत नाहीत.

चाप अतिहलका केल्यावर मार्कर खरोखरच धडाधड सुटू लागतो, आणि समजाला बळ मिळते ते इथेच. प्रत्यक्षात झाडताना बसणाऱ्या धक्क्याने चाप स्थिर बोटावर आपोआप पुन्हा दाबला जातो. याला ‘बाउन्स’ म्हणतात. हे कौशल्य नव्हे, बिघाड आहे, आणि स्पर्धेत त्यासाठी दंडही होऊ शकतो. बोर्डावरील ‘डिबाउन्स’ ही मिलिसेकंदांतली सेटिंग (एका दाबानंतर किती वेळ पुढचा दाब मोजायचा नाही, हे ती ठरवते) वाढवून, तसेच चापाची स्प्रिंग किंवा चुंबक थोडा घट्ट करून तो आवरता येतो. गोळीच्या वेगाशी मात्र चापाचा काहीही संबंध नाही. हा वेग हवेचा दाब आणि सोडलेल्या हवेचे प्रमाण यांवर ठरतो.