अध्यापक पदविका, प्राथमिक

महाराष्ट्रात पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्यासाठी लागणारा दोन वर्षांचा व्यावसायिक पाठ्यक्रम. आजचे नाव प्राथमिक शिक्षण पदविका (डी.एल.एड.), बोलण्यात मात्र 'डीएड' हेच रूढ आहे. त्याआधी पीटीसी (प्रायमरी टीचर्स सर्टिफिकेट) हे प्रमाणपत्र होते आणि ते मिळवलेल्यास गावात 'ट्रेंड मास्तर' (प्रशिक्षित शिक्षक) म्हणत.

प्रारंभ : मुंबई इलाख्यात शिक्षक-प्रशिक्षणाचा आरंभ केव्हा झाला, याविषयी दोन मते आहेत. 1822 मध्ये स्थापन झालेल्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली काही तरुण तयार केले व 1826 च्या सुमारास त्यांतील 24 जणांना जिल्ह्यांतील शाळांवर पाठवले. काही अभ्यासक यालाच प्रारंभ मानतात. दुसऱ्या मतानुसार, एल्फिन्स्टन संस्थेत 1845 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवलेला 'नॉर्मल क्लास' (शिक्षक तयार करण्याचा वर्ग) हा खरा आरंभ होय. पहिल्या प्रयत्नात भर शालेय विषय पक्के करून घेण्यावर होता. शिकवण्याची रीत हा स्वतंत्र अभ्यासविषय दुसऱ्यात अधिक स्पष्टपणे दिसतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार व पुण्याला मिचेलबाई यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे चरित्रांत सांगितले जाते; त्याचा काल व कालावधी यांबाबत चरित्रकारांत एकवाक्यता नाही.

भारतातील शिक्षणाविषयीच्या वुडच्या 1854 च्या खलित्याने प्रशिक्षणशाळांची शिफारस केली. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन हे या विषयावरील महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचे विचारधन आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरू शकावा आणि त्याला दरमहा किमान 12 रुपये मिळावेत, असे त्यांनी मांडले. प्रशिक्षण, सामाजिक जवळीक आणि वेतन यांचा असा एकत्र विचार पुढच्या अहवालांत क्वचितच आढळतो. वर्धा येथील 1937 च्या शिक्षण परिषदेनंतर गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाने हस्तोद्योगाला अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले.

पाठ्यक्रम : बारावीनंतर प्रवेश मिळतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या मानकांनुसार बारावीला किमान 50 टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि वर्षाला 200 कामाचे दिवस आवश्यक आहेत. बालविकास, शिक्षणाची सामाजिक बाजू, भाषा, गणित व परिसर अभ्यास यांचे अध्यापनशास्त्र, कला आणि शारीरिक शिक्षण हे विषय असतात. पदविकेचा कणा मात्र सराव पाठ हाच आहे. छात्राध्यापकाने टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढायचे, ते मार्गदर्शकाकडून तपासून घ्यायचे, जवळच्या शाळेत पाठ घ्यायचा आणि मागच्या बाकावरील निरीक्षकाचे शेरे ऐकायचे, असा त्याचा क्रम. शालेय आंतरवासितेच्या काळात तो अनेक आठवडे शाळेतच काढतो.

टाचणाचा जुना साचा 'हर्बार्टची पंचपदी' (पाठाच्या पाच पायऱ्या) म्हणून ओळखला जातो. हे नाव तितकेसे अचूक नाही. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टने (1776–1841) स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती अशी चारच पदे सांगितली होती. त्याचा अनुयायी त्सिलर याने 'स्पष्टता' या पदाचे दोन भाग केले. राइनने त्या पाचांना पूर्वतयारी, प्रस्तुतीकरण, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन हे रूप दिले आणि तेच शिक्षक-प्रशिक्षणात रुळले. मूळ पदे मनात ज्ञान कसे रुजते याविषयी होती. तासाचे वेळापत्रक आखणे हा त्यांचा हेतू नव्हता. हा फरक विसरल्यामुळे पहिलीच्या गोष्टीच्या तासालाही 'हेतुकथन' (आज काय शिकायचे ते आधी सांगणे) सक्तीचे झाले, आणि त्यात लहान मुलांचे नुकसान झाले.

सूक्ष्म अध्यापन 1963 च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाले. पाच-दहा मिनिटांत प्रश्न विचारणे, फलकलेखन, चेतक बदल (लक्ष टिकवण्यासाठी आवाज, हावभाव, हालचाल बदलणे) अशा एकेका कौशल्याचा सराव करतात. समोर बहुधा सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात. सहा वर्षांच्या मुलाची चुळबुळ तेथे अनुभवता येत नाही.

पात्रता : शिक्षणहक्क कायदा (2009) व त्याखालील 23 ऑगस्ट 2010 ची अधिसूचना यांमुळे पदविकेसोबत शिक्षक पात्रता परीक्षाही आवश्यक झाली. महाराष्ट्रात ती प्रथम 15 डिसेंबर 2013 रोजी झाली. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास यांवर प्रत्येकी 30 असे 150 प्रश्न असतात. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के गुण लागतात. नेमणुकीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी असते.

बी.एड. धारकांना 28 जून 2018 च्या अधिसूचनेने प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी, देवेश शर्मा प्रकरणात, ते अमान्य केले. प्राथमिक वर्गांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असून ते पदविकेत मिळते, ही न्यायालयाची भूमिका या पाठ्यक्रमाला मिळालेली सर्वांत ठाम मान्यता म्हणता येईल. त्याच न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नुसार 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी ठरणार आहे.