मेफ्लाय की स्टोनफ्लाय? नुसत्या शेपट्या मोजू नका

वाहत्या नदीतला दगड उलटला की खालच्या बाजूला चपटी, सहा पायांची, शेपटीवाली पिल्लं पळापळ करतात. ही मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या उडणाऱ्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं, म्हणजे निम्फ. तीन शेपट्या म्हणजे मेफ्लाय, दोन म्हणजे स्टोनफ्लाय, असा सोपा हिशेब बहुतेक जण करतात. तो अर्धाच बरोबर आहे. स्टोनफ्लायला दोनच असतात, पण एपिओरससारख्या काही मेफ्लायनाही दोनच. शिवाय चिमट्याने धरलं की मेफ्लायची शेपटी सहज तुटते आणि उरलेल्या दोन बघून आपण फसतो.

त्यापेक्षा कल्ले बघा. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडांना, पानांसारखे किंवा पिसांसारखे असतात आणि बऱ्याच जातींत ते सतत थरथरतात. स्टोनफ्लायच्या पोटाच्या कडा बहुधा मोकळ्या. तिला कल्ले असलेच तर बहुधा छातीखाली, पायांच्या मुळाशी झुपक्यांसारखे. तरी शंका राहिली तर दहापट भिंगातून पायाचं टोक तपासा: मेफ्लायला साधारणपणे एक नखी, स्टोनफ्लायला दोन.

म्हणूनच फक्त वरून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी ओळखीसाठी अपुरा पडतो. पातळ काचेची छोटी टाकी घ्या आणि आत दुसरी काच उभी करून पुढच्या काचेपासून साधारण 2 सेंमी जागा ठेवा. म्हणजे किडा फोकसबाहेर फार जात नाही. पाणी नदीचंच, कापडातून गाळलेलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घातक ठरू शकतं. थंड पाणी तापू लागलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि काचेवर बुडबुडे धरतात. ते मऊ ब्रशने पुसा. किडाही ब्रशने किंवा चमच्यानेच हलवा. 1:1 मॅक्रो (सेन्सरवर किड्याची प्रतिमा खऱ्या आकाराइतकी), छिद्र एफ/11, शटर 1/200 सेकंद, आणि फ्लॅश वरून तिरका. समोरून मारला तर काचेत चकाकी येते. थरथरणारे कल्ले फ्लॅशच्या क्षणिक उजेडातच गोठतात. स्टोनफ्लाय जोर काढल्यासारखी वरखाली होऊ लागली तर ती पोज देत नसते, तिला ऑक्सिजन कमी पडतोय. पाणी लगेच बदला.

या किड्यांच्या नकली प्रतिकृती गळावर बांधून मासे पकडताना हा फरक आणखी जाणवतो. बहुतेक मेफ्लाय पाण्याच्या पृष्ठभागाशी कात टाकून उडतात. त्यामुळे प्रवाहात सोडलेली नकली निम्फ शेवटी हळूच वर उचलली तर मासा झेपावतो. बहुतेक स्टोनफ्लाय मात्र तळावरून चालत काठाकडे येतात आणि दगडावर चढून कात टाकतात. तिथे वजनदार निम्फ तळालगत, प्रवाहाच्याच वेगाने, काठाजवळून वाहू द्यायची. दोरी ताणली गेली की निम्फ प्रवाहाला आडवी ओढली जाते आणि मासा तिच्याकडे फिरकत नाही. मेफ्लायसाठी साधारण 12 ते 18 नंबरचा गळ, मोठ्या स्टोनफ्लायसाठी 4 ते 10. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, नवखे इथे हमखास गोंधळतात.

गळावर कोणती नकली माशी बांधायची हे कळत नसेल तर काठावरचे कोरडे दगड बघा. पाण्याबाहेर चिकटलेल्या, पाठीवर फाटलेल्या रिकाम्या काती बऱ्याचदा स्टोनफ्लायच्या असतात. प्रौढ किडे ओळखणं त्याहून सोपं: बसलेल्या मेफ्लायचे पंख शिडासारखे उभे, स्टोनफ्लायचे पाठीवर सपाट मिटलेले. धुरकट पंखांची, मंद उडणारी मेफ्लाय दिसली तर ती अजून एकदा कात टाकणार आहे. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारे कीटक एवढेच.