सँड क्रीक ही लढाई नव्हती

अमेरिकेच्या यादवी युद्धात कोलोरॅडोच्या स्वयंसेवक पलटणी जिथे जिथे लढल्या, त्या यादीत कोलोरॅडोतल्याच सँड क्रीक या ओढ्याचं नाव वर्षानुवर्षं घातलं गेलं. डेन्व्हरच्या विधानभवनासमोर १९०९ साली उभारलेल्या स्मारकावरही ते लढायांच्या रांगेतच कोरलेलं होतं. हे साफ चूक आहे.

पहिल्या पलटणीचा पराक्रम मार्च १८६२ चा, न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीतला. मेजर शिव्हिंग्टनच्या तुकडीने दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या टेक्सासच्या फौजेच्या रसदीच्या गाड्या जाळल्या आणि दक्षिणेची ती मोहीमच कोलमडली. ते श्रेय त्यांचंच.

२९ नोव्हेंबर १८६४ ला मात्र कर्नल झालेला हाच शिव्हिंग्टन सँड क्रीकच्या काठी असलेल्या, शायेन आणि अरापाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या छावणीवर चालून गेला. सोबत मुख्यतः शंभर दिवसांसाठी भरती केलेली तिसरी पलटण. प्रमुख ब्लॅक केटलने अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण उभारलं होतं. तरी गोळ्या सुटल्या. सुमारे २३० जण मारले गेले, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

'तेव्हा सगळेच तसे वागत' ही सबब तर मुळीच टिकत नाही. पहिल्या पलटणीतल्या कॅप्टन सायलस सोलने आपल्या शिपायांना गोळी झाडू दिली नाही. लहान मुलं गुडघे टेकून जिवाची भीक मागत होती, असं त्याने मेजर विन्कूपला पत्रात कळवलं, पुढे चौकशीत साक्षही दिली. एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीने शिव्हिंग्टनला कडक शब्दांत दोषी धरलं. पण त्याने सैन्य सोडलेलं असल्याने लष्करी खटला काही चालला नाही.