नवा रंग म्हणजे जास्त किंमत? नाही!

जुन्या क्लासिक गाडीला चकचकीत रंग दिला की भाव वाढतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. जाणकार गिऱ्हाईक फिकट पडलेल्या पण कारखान्यातल्या मूळ रंगाला अनेकदा जास्त पैसे मोजतं, कारण तो पुन्हा मिळत नाही. शिवाय नव्या रंगाखाली गंज लपलेला असू शकतो. साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर आणि चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे ते पकडत नाही, तिथे पत्र्यावर पुट्टीचा (गंजलेली किंवा चेपलेली जागा बुजवायच्या लेपाचा) जाड थर आहे. (ॲल्युमिनियम किंवा फायबरच्या बॉडीवर हा उपाय चालत नाही.) मग इंजिन आणि चासीचे नंबर कागदपत्रांशी ताडून पाहा. मूळ इंजिन बदललेलं निघालं, तर रंग कितीही सुंदर असो, भाव पाडूनच बोला. गाडी विकत घेण्याआधीच पत्र्याच्या दुरुस्तीचा खर्च हिशेबात धरा, पुन्हा विकताना नफा बहुतेक वेळा तिथेच बुडतो.