विणाऱ्या गायीच्या उपचारांची पार्श्वभूमी

इजिप्तमध्ये सक्कारा इथे ‘ती’ (Ti) नावाच्या अधिकाऱ्याचं सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. त्याच्या भिंतीवर विणारी गाय कोरली आहे आणि एक माणूस वासराला ओढून बाहेर काढतो आहे. अडलेल्या जनावराला सोडवायचं ते हाताच्या कसबाने, ही समज त्यानंतरही फार काळ टिकली. १७६१ साली फ्रान्समधल्या ल्योंमध्ये पशुवैद्यकाची शाळा काढणारे क्लोद बुर्जला स्वतः घोड्यांचे जाणकार होते. गायीचं बाळंतपण बहुतेक गोठ्यातल्या अनुभवी माणसांकडेच राहिलं.

पण वासरू सुखरूप बाहेर आलं तरी गाय हातची जायची. व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत ती बसते, उठत नाही, मान कुशीकडे वळवून पडते, कान गार लागतात. हा दुग्धज्वर. यात एके काळी निम्म्याहून अधिक गायी दगावत. १८९७ साली डेन्मार्कच्या श्मिट यांनी, विष कासेत तयार होतं असं धरून, सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण भरलं आणि गायी उठू लागल्या. पुढे नुसती हवा भरूनही तोच गुण आला. विषाची कल्पना चुकीची होती. कास ताणली गेल्याने दूध उतरणं मंदावत होतं आणि रक्तातलं कॅल्शियम ओसरायचं थांबत होतं. १९२५ मध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमच्या कमतरतेचा सिद्धांत मांडला आणि पुढच्या दशकात शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देणं रूढ झालं. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी उडी हीच.

वासराच्या बाजूचं कोडं १९२२ मध्ये उलगडलं. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी दाखवलं, की चीक न मिळालेली बहुतेक वासरं जंतुसंसर्गाने मरतात. रवंथ करणाऱ्या जनावरांत वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, पोटातल्या पिल्लाकडे जातच नाहीत. ती चिकातूनच मिळतात. शिवाय आतडं ती जेमतेम पहिला दिवसभर शोषतं, तेही दर तासाला कमी कमी. म्हणून पहिल्या काही तासांतला चीक.

सिझेरियन गोठ्यात रुळलं ते स्थानिक भूल आणि पेनिसिलिन हाताशी आल्यावर.

विण्याची वेळ कोण ठरवतं, हे १९६० च्या दशकात न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी मेंढ्यांत शोधलं: गर्भातल्या कोकराच्या शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक. त्याच प्रयोगांत स्टेरॉइड दिलेली, दिवस भरण्याआधी जन्मलेली कोकरं अनपेक्षितपणे श्वास घेताना दिसली. त्यावरूनच अपुऱ्या दिवसांच्या मानवी बाळांसाठी आईला स्टेरॉइड देण्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.