मँडरिन मासा : आहार व विलगीकरण

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळला जाणारा बोटाएवढा (६ ते ७ सेंमी.) प्रवाळी मासा. निळ्या अंगावर नारिंगी, हिरव्या नागमोडी रेघा असतात. शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस, कुल कॅलिऑनिमिडी. आल्बर्ट हेरे यांनी १९२७ मध्ये फिलिपाईन्समधील नमुन्यावरून त्याचे पहिले वर्णन केले. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, संथ पाण्यातल्या तुटक्या प्रवाळांच्या ढिगांत तो राहतो. मराठीत त्याला वेगळे नाव नाही. दुकानात ‘मँडरिन’ म्हणूनच मागतात. ‘मँडरिन गोबी’ हे नावही चालते, पण तो गोबी (माशांचे वेगळेच कुल) नव्हे. प्राण्यांमधला निळा रंग बहुधा प्रकाशाच्या खेळातून दिसतो. या माशात मात्र तो खऱ्या रंगद्रव्याचा आहे.

या माशाला खवले नसतात. त्याऐवजी अंगावर जाड, कडवट, वास मारणारा बुळबुळीत थर असतो. त्यामुळे दुसरे मासे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (क्रिप्टोकॅरिऑन) त्याला इतरांपेक्षा कमी होतो. कमी होतो म्हणजे होत नाही असे नव्हे. ठिपका न दाखवता रोग मुख्य टाकीत नेणारा मासा म्हणून त्याच्याकडे पाहायला हवे. पण विलगीकरणात (नवा मासा मुख्य टाकीआधी वेगळ्या टाकीत ठेवतात त्या काळात) मँडरिन मरतो तो बहुतेक वेळा रोगाने नव्हे, भुकेने. इतर माशांसाठी रूढ असलेली मोकळी टाकी, प्लास्टिकचा पाइप आणि तांब्याचे औषध ही मांडणी येथे उलटते, कारण तांबे प्रथम त्याचे खाद्यच मारते.

आहार : जंगलात हा मासा दिवसभर, दर काही सेकंदांनी, दगडावरून एकेक जीव टिपत असतो. कोपेपॉड व अँफिपॉड (दोन्ही कोळंबीच्या जातकुळीतले चिमुकले जीव), बारीक किडे, छोट्या गोगलगायी, माशांची अंडी हे त्याचे खाणे. पोट लहान असल्याने दिवसातून दोनदा भरपेट हा हिशोब त्याला लागू पडत नाही. त्याची टिपण्याची रीत जवळून पाहण्यासारखी असते : तो दगडासमोर पर फडफडवत तरंगतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, मान तिरकी करून क्षणभर थांबतो आणि मग चटकन तोंड मारतो. तोंड मारले म्हणजे गिळले असे धरू नये. मेलेले अन्न तो पुष्कळदा चाखून थुंकतो. सुका जवळा घालून पाहण्याची चूक नवखे हमखास करतात. तो त्याच्या तोंडाला मोठा, हालचाल नसलेला आणि खारवलेला असतो. तळाशी कुजून अमोनिया मात्र वाढवतो.

कोपेपॉडांत टिस्बे हा दगड-वाळूला धरून राहतो, म्हणून मँडरिनला सर्वांत उपयोगी. टिग्रिओपस आकाराने मोठा आणि उठून दिसणारा, पण पाण्यात वर पोहतो. मँडरिनच्या वाट्याला येण्याआधी तो दुसऱ्या माशांच्या किंवा पंपाच्या तोंडी जातो. टिस्बे घरी वाढवायला १० लिटरची, अन्नासाठी वापरतात तसल्या प्लास्टिकची बादली पुरते. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२० ते १.०२५, तापमान २४ ते २७ अंश से. आणि सेकंदाला दोन-तीन बुडबुडे येतील इतकीच हवा ठेवावी. एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) लावू नये. नॅनोक्लोरॉप्सिस किंवा आयसोक्रायसिस शेवाळाचे पाणी फिकट हिरवी (आयसोक्रायसिस असल्यास सोनेरी-तपकिरी) झाक येईपर्यंत घालावे आणि ती झाक गेली की पुन्हा घालावे. पाणी गर्द हिरवे केले तर रात्री प्राणवायू संपून अख्खी बादली बसते, म्हणजे त्यातले कोपेपॉड मरतात. काढणीला ५३ मायक्रॉनची चाळण वापरावी. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये, आणि बादल्या नेहमी दोन ठेवाव्यात, कारण एक कधी ना कधी बसतेच.

मासा घरी येण्याआधी हे सारे तीन-चार आठवडे चालू झालेले असावे. मासा आणून मग बादली मांडणे हा उलटा क्रम आहे.

दुसरे जिवंत खाद्य म्हणजे आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा छोटा जीव) ताजी पिल्ले. अंडी लिटरमागे १ ते २ ग्रॅम, पाणी २७-२८ अंशांवर, हवा जोरात आणि दिवा चालू ठेवला की २४ तासांच्या आसपास पिल्ले निघतात. हवा बंद करून बुडाशी उजेड धरला की पिल्ले खाली गोळा होतात, टरफले वर राहतात. टरफले टाकीत जाऊ देऊ नयेत. पिल्लांच्या अंगचे बलक काही तासांत संपते, म्हणून ती लगेच द्यावीत, नाहीतर मेदयुक्त खाद्यावर आठ-दहा तास पोसून मग द्यावीत. न पोसलेला मोठा आर्टेमिया मँडरिन आवडीने खातो, पण त्यावर त्याचे वजन टिकत नाही.

निवड : दुकानात मासा वरून पाहावा. डोक्यामागचा भाग चिमटल्यासारखा किंवा पोट आत गेलेले असेल तर तो घेऊ नये. बाजूने पोट किंचित फुगीर दिसले पाहिजे. फिलिपाईन्समध्ये मँडरिन बारीक सुई-भाल्याने मारून पकडण्याची पद्धत आहे, त्यामुळे शेपटीजवळ किंवा कुशीत टोचल्याचा लाल ठिपका आहे का हे तपासावे. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगण्यात संकोच करू नये. जाळ्याऐवजी प्लास्टिकच्या पेल्याने मासा उचलावा, कारण गालावरचा काटा जाळ्यात अडकतो आणि सोडवताना कल्ल्याला इजा होते. घाबरल्यावर तो अंगावरचा थर सोडतो. म्हणून पिशवीत दुसरा मासा नसावा आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

विलगीकरण : ४० ते ६० लिटरची टाकी पुरते. स्पंज फिल्टर आधी चार-सहा आठवडे रोगमुक्त यंत्रणेत मुरवलेला (उपयोगी जिवाणू जमलेला) असावा. खारटपणा १.०२५, तापमान २६ अंश ठेवावे. तळाला वाळू नको, पण पाइपचे दोन तुकडे आणि कोपेपॉडने भरलेला किटोमॉर्फा शेवाळाचा मूठभर गुंता हवा. कोपेपॉड व शेवाळ ज्यात मासा नाही अशाच टाकीतून घ्यावे, नाहीतर खाद्याबरोबर रोगही येतो.

पहिल्या आठवड्यात औषध नाही. फक्त जिवंत खाद्य, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे. दुसऱ्या आठवड्यात माशाला टाकीतच १५-२० सेंमी.च्या जाळीदार पेटीत ठेवावे. पेटीत आर्टेमियाची पिल्ले सोडून त्यांतच गोठवलेला कॅलॅनस (एक कोपेपॉड), बारीक गाबोळी किंवा चिरलेला मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव) पिपेटने सोडावा. प्रवाह बंद असावा, पण अन्न किंचित हलते राहिले तर तोंड मारण्याची शक्यता वाढते. जिवंत अन्न दर दोन-तीन दिवसांनी थोडे कमी करावे. काही मासे दहा दिवसांत गोठवलेले घेतात, काहींना सहा आठवडे लागतात, काही कधीच घेत नाहीत. पोट आत जाऊ लागले तर हट्ट सोडून पुन्हा जिवंत खाद्यावर यावे. २०-२५ मिनिटांनी उरलेले नळीने ओढून घ्यावे. अमोनिया रोज मोजावा आणि तो शून्याच्या वर दिसताच चौथाई पाणी बदलावे.

पांढऱ्या ठिपक्यांविरुद्ध तांब्याऐवजी टाकी-बदल पद्धत या माशाला सोयीची. परजीवी माशावरून गळून पृष्ठभागाला चिकटतो आणि नवी पिल्ले बाहेर पडायला किमान तीन दिवस घेतो. त्याआधी मासा दुसऱ्या टाकीत गेला की साखळी तुटते. म्हणून दर ७२ तासांच्या आत एक, असे चार बदल करतात. सगळे मिळून १२ दिवस लागतात. दोन्ही टाक्यांचे तापमान व खारटपणा जुळलेले असावेत आणि रिकामी टाकी, पाइप, हीटर पूर्ण सुकवावेत. या काळात शेवाळाचा गुंता एका टाकीतून दुसरीत नेता येत नाही. प्रत्येक वेळी मासा नसलेल्या टाकीतून नवा घ्यावा लागतो. मखमली रोगावर (अमायलूडिनियम) ही पद्धत भरवशाची नाही. श्वास भरभर चालला, मासा प्रवाहाच्या तोंडाशी उभा राहू लागला, तर तांबे टाळण्याचा आग्रह सोडावा लागतो आणि औषध चालू असताना जिवंत खाद्य बाहेरून, थोडे थोडे पण वारंवार पुरवावे लागते. सकाळी अंगाभोवती दिसणारी पांढुरकी खोळ मात्र बहुधा रोग नसते. रात्री हा मासा थराचे पांघरूण घेतो.

खाऊनही मासा रोडावत असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा. त्यावरचे औषध अन्नातून द्यायचे, म्हणजे मासा आधी मेलेले अन्न घेणारा हवा. हे प्रशिक्षण विलगीकरणातच उरकण्याचे आणखी एक कारण हेच.

मुख्य टाकी : किमान २०० लिटर, सहा महिने ते वर्षभर जुनी, भरपूर दगडांची असावी. सिक्सलाइन रास, पाइपफिश किंवा स्कूटर हे मासे त्याच कोपेपॉडांचे वाटेकरी असतात. दोन नर कधीच एकत्र ठेवू नयेत. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब असतो, त्यावरून तो ओळखता येतो. चपळ मासे अन्न पळवत असतील तर लहान तोंडाची काचेची बरणी आडवी ठेवून आत पिपेटने खाद्य सोडतात. मँडरिन वास घेत आत शिरतो, मोठे मासे बाहेर राहतात.

भारतात एक वेगळी अडचण आहे. प्रवाळ, मेलेले असले तरी, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येते, त्यामुळे परदेशी पुस्तकांत सांगितलेला समुद्रातला जिवंत दगड (जीवजंतू वसलेला प्रवाळी दगड) येथे कायद्याने घेता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या टाक्या कृत्रिम दगडावर उभ्या असतात आणि त्यात कोपेपॉड आपोआप येत नाहीत. मासा आणण्याआधी दोन-तीन महिने, पंप बंद ठेवून, रात्री दिवे मालवल्यावर दगडांच्या फटींत बादलीतले टिस्बे सोडावे लागतात. रात्री टॉर्च मारल्यावर काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसू लागले की टाकी तयार झाली. कोकण-मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपलीकडे जाते, तेव्हा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतो. वीज गेल्यास बॅटरीचा हवापंप विलगीकरणाच्या टाकीला आधी लावावा, कारण तिच्यात पाणी कमी असते.

टाकीतच जन्मलेले मँडरिन अमेरिकेतल्या ओआरए या संस्थेने २०१० च्या सुमारास बाजारात आणले. अशी पिल्ले लहानपणापासून गोठवलेल्या व दाणेदार अन्नावर वाढवलेली असतात. मिळत असतील तर महाग पडली तरी तीच घ्यावीत. मात्र ती जेमतेम २ सेंमी.ची असल्याने पहिले काही महिने त्यांनाही रोज जिवंत खाद्य द्यावे लागते.